मारिओला शेपटी फुटते तेव्हा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ओझरला घरी होतो. बहिणीचा मुलगा, इयत्ता सातवी, पुण्याहून येताना तळहातावर मावेल एवढी एक पेटी घेऊन आला होता. ती दूरचित्रवाणी संचाला जोडली की तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम पडद्यावर येतात. दोन दिवसांत त्याने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पहिला भाग संपवला आणि आम्हाला विचारले, “मामा, आता तिसरा भाग लावतो. तो जास्त अवघड असेल ना?”

आम्ही सवयीने “हो” म्हणालो. पुढचा भाग म्हणजे अधिक अवघड, वरची इयत्ता म्हणजे अधिक मोठी गणिते, हे आपल्या इतके अंगवळणी पडलेले असते की उत्तर देताना विचार करावा लागत नाही. नंतर दोन-तीन संध्याकाळी भाच्याशेजारी बसून तो खेळ पुन्हा पाहिला, तेव्हा आपले उत्तर अपुरे होते हे ध्यानात आले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ पहिल्या भागापेक्षा बराच लांब आहे, काही ठिकाणी कठीणही आहे. परंतु अडथळे वाढवण्याआधी त्याच्या कर्त्यांनी खेळणाऱ्याच्या हाती नवी साधने दिली आहेत. या एका गोष्टीसाठी तो शिक्षकांनी नीट पाहावा असे आम्हाला वाटते. म्हणून हे परीक्षण.

पेटी, कॅसेट आणि आमची पिढी

ज्या यंत्रासाठी हे खेळ बनले ते जपानमधील निन्टेंडो कंपनीने १९८३ साली बाजारात आणले. त्यातील प्रक्रियक सेकंदाला सुमारे १८ लाख ठोक्यांनी चालतो आणि कामापुरती स्मृती अवघी २ किलोबाइट. आजच्या साध्या मोबाइलवरील एका छायाचित्राला याच्या हजारपट जागा लागते. पडदा २५६ चित्रबिंदू रुंद व २४० उंच. त्यावर १६ बाय १६ बिंदूंच्या विटा मांडून सारे जग उभे करायचे.

आपल्याकडे १९९०च्या दशकात घरोघरी दिसली ती बहुतांशी या यंत्राची नक्कल केलेली यंत्रे. आम्ही शाळेत असताना नारायणगावला आणि आसपास ती तासाच्या भाड्याने खेळायला मिळत. खेळाच्या डबीला सगळे ‘कॅसेट’ म्हणत, तिच्यात फीत नसून चिप असते हे ठाऊक नसतानाही. ‘९९९९ इन १’ असे छापलेली कॅसेट म्हणजे तर मोठेच आकर्षण. प्रत्यक्षात तिच्यात थोडेच खेळ असत. तेच तेच पुन्हा वेगळ्या नावाने किंवा वेगळ्या टप्प्यापासून सुरू होत. पहिला मारिओ मात्र त्यांत बहुधा सापडेच. कारण साधे होते. १९८५ सालचा तो खेळ सगळा मिळून ४० किलोबाइटमध्ये बसतो, त्यामुळे स्वस्त चिपमध्ये त्याला सहज जागा मिळे. १९८८ साली जपानमध्ये व १९९० साली अमेरिकेत आलेल्या तिसऱ्या भागाला ३८४ किलोबाइट लागतात, म्हणजे जवळजवळ दहापट. म्हणून तो आमच्यापर्यंत उशिरा पोहोचला आणि ज्याच्याकडे ती कॅसेट असे त्याचा भाव वधारे.

उत्तरखेळाच्या दोन तऱ्हा

या मालिकेत परीक्षकाला एक सोय आहे. एकाच खेळाचा पुढचा भाग कसा करावा या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे तिच्यात लागोपाठ सापडतात.

पहिले उत्तर १९८६ सालचे. जपानमध्ये त्या वर्षी ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ या नावाचा खेळ चकतीवर निघाला. त्यात मारिओ पूर्वीसारखाच धावतो, चित्रेही जवळपास तीच. बदलले काय, तर खड्डे रुंद झाले, उडीच्या मध्यात वारा सुटू लागला, अळंबी खाऊन मोठे होण्याऐवजी मरण आणणारी विषारी अळंबी आली, आणि पुढच्या प्रदेशात नेणारी गुप्त वाट काही ठिकाणी उलट मागच्या प्रदेशात टाकू लागली. पहिला भाग ज्यांना पाठ झाला होता अशांना खिंडीत पकडण्यासाठी काढलेली ही प्रश्नपत्रिका होती. निन्टेंडोने हा खेळ त्या वेळी अमेरिकेत पाठवलाच नाही. तिथे १९८८ साली ‘मारिओ २’ म्हणून गेला तो दुसऱ्याच एका जपानी खेळात फेरफार करून बनवलेला. मूळ जपानी दुसरा भाग बाहेरच्या मुलांना १९९३ साली एका संग्रहातून प्रथम मिळाला.

दुसरे उत्तर म्हणजे तिसरा भाग. कर्ते तेच, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका. या खेपेस त्यांनी प्रश्न फिरवला. मारिओसमोर आणखी काय ठेवावे यापेक्षा मारिओला आणखी काय करता यावे, येथून त्यांनी सुरुवात केली असावी असे खेळ पाहताना सतत जाणवते.

आमच्या गावचा गणपती विघ्नहर. त्याच्या दीपमाळांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला विघ्नांचा हिशेब करण्याची सवय असतेच. १९८६च्या खेळाने विघ्ने वाढवली. १९८८च्या खेळाने ती ओलांडण्याच्या तऱ्हा वाढवल्या, आणि मग त्या तऱ्हांना पुरून उरतील अशी नवी विघ्ने रचली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

शेपटी आणि धावपट्टी

तिसऱ्या भागाची ओळख म्हणजे शेपटी. एक पान तरंगत खाली येते, ते पकडले की मारिओला कान आणि पट्टेदार शेपटी फुटते. (जपानी लोककथांतील तनुकी नावाचा प्राणी डोक्यावर पान ठेवून रूप बदलतो, कल्पना तिथून आली.) शेपटीने शत्रूला फटकारता येते, पडताना ती हलवून सावकाश उतरता येते, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उडता येते.

हे उडणे फुकट मिळत नाही. पडद्याच्या तळाशी सहा बाणांची एक पट्टी आहे. धावत राहिले की बाण एकेक करून उजळतात. सगळे भरले आणि शेवटचे ‘पी’ अक्षर लुकलुकू लागले की उडी मारायची. थांबलात, कशाला धडकलात, की पट्टी रिकामी होऊ लागते. उड्डाणही सुमारे चार सेकंदांचेच. म्हणजे उडण्यासाठी आधी मोकळी धावपट्टी शोधावी लागते. ती नसेल तर वाटेतील शत्रू दूर करून, मागे जाऊन, पुन्हा धावत येऊन ती तयार करावी लागते. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी हवेत उठण्याआधी पाण्यावरून धावताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे लगेच पटेल. पंखांखालची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून जड पक्ष्याला आणि विमानाला आधी धावावे लागते. खेळातील उड्डाणाला वायुगतिकीचे पुढचे नियम लागू नाहीत, हे खरे. एकदा हवेत गेल्यावर मारिओ वेगाविनाही वर चढतो. पण ‘आधी वेग, मग उचल’ एवढे तत्त्व मुलाच्या अंगठ्यात कायमचे बसते.

वेगाचे आकडेही पाहण्यासारखे आहेत. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटला जातो. दर चौकटीला मारिओ चालताना १.५ बिंदू, धावताना २.५ बिंदू आणि पट्टी भरल्यावर ३.५ बिंदू सरकतो. मोठा मारिओ ३२ बिंदू उंच आहे. त्याची उंची दीड मीटर धरली तर एक बिंदू म्हणजे सुमारे ४.७ सेंटिमीटर. आता वेग काढा. धावताना तो सेकंदाला ७ मीटर येतो आणि उड्डाणापूर्वीचा वेग ९.८ मीटर. उसेन बोल्टने २००९ साली १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पार केले, त्याची सरासरी १०.४ मीटर होते. म्हणजे मारिओ जगातल्या वेगवान धावपटूंच्या पंक्तीला थोडक्यात मुकतो. आपल्याकडची अनेक नक्कल-यंत्रे सेकंदाला ५० चौकटी दाखवणाऱ्या आपल्या दूरचित्रवाणी पद्धतीसाठी बनवलेली होती. त्यांवर हाच खेळ सहाव्या हिश्शाने मंद चाले, आणि आम्हाला मात्र तोच त्याचा खरा वेग वाटे.

पहिल्याच टप्प्यात कर्त्यांनी शेपटीचा धडा कसा दिला आहे तो पाहावा. पान लवकर मिळते. मग बऱ्यापैकी लांब सपाट जागा लागते. वर आकाशात नाणी मांडलेली आहेत, पायी कोणालाच पोहोचता येणार नाहीत अशी. कुठेही सूचना लिहिलेली नाही. भाच्याला कोणी काही सांगितले नव्हते. तिसऱ्या प्रयत्नात तो वर होता. पहिल्या भागात आकाश म्हणजे निळा रंग होता, आता तो शोधण्याचा प्रदेश झाला. नवे साधन हाती आले की जुन्या जगाकडे पुन्हा पाहावेसे वाटते, याचे इतके सुटसुटीत उदाहरण आम्हाला दुसरे आठवत नाही.

बेडूक, उतार आणि राक्षसी कासवे

दुसरे साधन बेडकाचा पोशाख. तो घातला की मारिओ पाण्यात चारी दिशांना सरळ, झपाट्याने पोहतो. नळातून येणाऱ्या प्रवाहालाही तो दाद देत नाही. जमिनीवर मात्र तोच पोशाख ओझे होतो. धावणे बंद, नुसत्या बेंगरूळ उड्या. जीवशास्त्राच्या शिक्षकांना अनुकूलन शिकवताना हे हाताशी ठेवता येईल. एका परिसरात उपयोगी पडणारा अवयव दुसऱ्या परिसरात अडचण ठरतो. ‘श्रेष्ठ’ प्राणी असा नसतोच, प्रश्न असतो कुठे राहायचे याचा. पहिल्या भागात मिळेल ते बळ नेहमीच चांगले होते. येथे प्रथमच बळाला किंमत लागली आणि मुलाला निवड करावी लागली.

उतारांचेही तसेच. पहिल्या भागातील जमीन पायऱ्यापायऱ्यांची होती. तिसऱ्यात तिरपे उतार आले आणि त्यांवरून बसून घसरत वाटेतील शत्रूंना उडवता येऊ लागले.

चौथ्या प्रदेशात सगळे काही दुप्पट आकाराचे आहे, कासवे, नळ, विटा. एका टप्प्यात तर दारातून आत-बाहेर केले की तेच शत्रू लहानाचे मोठे होतात. मुलांना हा प्रदेश फार आवडतो. परीक्षक म्हणून आम्हाला येथे एक संधी वाया गेलेली दिसते. ही मोठी कासवे लहान कासवांसारखीच, त्याच चालीने चालतात. उंची दुप्पट झाली तर पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट. गॅलिलिओने १६३८ साली हाडांच्या चित्रासह हे दाखवून दिले होते. राक्षसी कासवाने जड, मंद चालावे, त्याच्या पडण्याने जमीन हादरावी, असे काही असते तर आकाराला अर्थ आला असता. येथे केवळ चित्र मोठे केले आहे. ज्या खेळाने इतरत्र प्रत्येक नव्या गोष्टीला नवी वागणूक दिली त्याच्याकडून ही अपेक्षा होती.

मागे जाण्याची मुभा

पहिल्या भागात पडदा फक्त पुढे सरकतो. डावीकडची कडा भिंतीसारखी. सुटलेले नाणे सुटले ते सुटले. तिसऱ्या भागात बहुतेक टप्प्यांत मागे जाता येते. ऐकायला क्षुल्लक, पण याने खेळण्याची वृत्ती बदलते. मुलगा थांबतो, मागे वळतो, ‘तिथे वर काही होते का’ म्हणून पाहून येतो. शेपटीसाठी लागणारी धावपट्टीही या मुभेमुळेच मिळते. चूक दुरुस्त करण्याची सोय असली की धाडस वाढते, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना निराळे सांगायला नको.

दोन टप्प्यांच्या मध्ये आता नकाशा आला आहे. पहिल्या भागाचे ३२ टप्पे एकापाठोपाठ एक असे होते. येथे आठ प्रदेशांत मिळून सुमारे ९० टप्पे आहेत, पण सगळे खेळलेच पाहिजेत असे नाही. वाटा फुटतात, काही टप्पे वगळता येतात, मिळालेली साधने जवळ साठवून हवी तेव्हा वापरता येतात. हाताच्या चपळाईला नियोजनाची जोड मिळाली.

एका वहीची गोष्ट

नकाशावर अधूनमधून पत्त्यांचा एक छोटा डाव उगवतो. गुण ८०,००० ने वाढले की तो येतो. अठरा पत्ते पालथे मांडलेले. दोन-दोन उलटून जोड्या लावायच्या. दोन चुका झाल्या की डाव संपला. आम्हा सर्वांना हा नशिबाचा भाग वाटे.

आमच्या बरोबरीचा एक मुलगा होता. अभ्यासात त्याची गणना शेवटच्या बाकावर होई. तो स्वतः फारसा खेळत नसे, भाड्याचे पैसे नसत. इतर खेळत असताना मागे उभा राहून पाहायचा. त्याने वहीच्या मागच्या पानांवर तीन ओळी व सहा स्तंभांच्या चौकटी आखल्या आणि कोणाचाही डाव लागला की उलटलेले पत्ते त्यात भरत गेला. काही महिन्यांनी त्याने जाहीर केले की मांडण्या एकूण आठच आहेत. तेच सत्य होते; या खेळात खरोखरच आठ मांडण्या आहेत. त्यापुढची पायरीही त्याने स्वतःच काढली होती. पहिले एक-दोन पत्ते पाहिले की आठांपैकी कोणती मांडणी हे ओळखता येते आणि उरलेले सगळे पत्ते न चुकता लावता येतात.

आज आम्ही हे माहितीशास्त्राच्या भाषेत सांगू शकतो. आठ म्हणजे २ चा तिसरा घात, म्हणून आठ शक्यतांतून एक निवडायला नेमके विचारलेले तीन हो-नाही प्रश्न पुरतात. आणि एक पत्ता उलटणे म्हणजे हो-नाहीपेक्षा अधिक सांगणारे उत्तर. त्या मुलाकडे ही भाषा नव्हती. पण निरीक्षण, नोंद, वर्गीकरण, अनुमान आणि पडताळा, सगळे त्या वहीत होते.

ती वही एकदा वर्गात सापडली. गृहपाठ कोरा आणि मागे खेळाच्या चौकटी, म्हणून त्याला शिक्षा झाली आणि वही जप्त झाली. ती परत मिळाली नाही. शाळा कोणती हे येथे महत्त्वाचे नाही. त्या काळी बहुतेक ठिकाणी असेच झाले असते. आम्हाला टोचते ते वेगळेच. वर्गात आमची गणना हुशारांत होती. त्याच्या वहीतील आठही मांडण्या आम्ही उतरवून घेतल्या होत्या, आणि त्या दिवशी आम्ही बाकांवर बसून इतरांबरोबर हसलो. दहावीनंतर त्याने शिक्षण सोडले. आम्ही पुढे संशोधनात आलो आणि अनेक वर्षे जे करून पगार घेतला ते त्याने बाराव्या-तेराव्या वर्षी कोणी न सांगता केले होते. दिवाळीत तो भेटला. द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी अजून तशाच चौकटी आखून ठेवतो. वहीचा विषय आम्ही काढला तेव्हा तो म्हणाला, “तुला अजून आठवतंय व्हय?” आणि बाजारभावावर बोलू लागला.

जादा जागा आली कोठून?

यंत्र तेच आणि खेळ दहापट, हे कसे जमले? यंत्रातील प्रक्रियकाला कॅसेटमधील आज्ञावलीचे एका वेळी ३२ किलोबाइटच दिसू शकतात. तिसऱ्या भागाची आज्ञावली २५६ किलोबाइटची आहे. उपाय कॅसेटमध्येच बसवला होता, एका जादा चिपच्या रूपाने. टेबलावर एका वेळी चार वह्या मावतात आणि कपाटात बत्तीस वह्या आहेत अशी कल्पना करा. ही चिप म्हणजे कपाटाजवळ उभा असलेला चपळ शिपाई. लागेल ती वही तो टेबलावर ठेवतो, नको ती उचलतो. प्रत्येक वही ८ किलोबाइटची. हीच चिप पडद्याच्या ओळी मोजून वरचा देखावा सरकत असताना तळची गुणपट्टी स्थिर ठेवते.

आमच्या परिसरातील वाचकांना याचे मोठे भावंड ठाऊक आहे. खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या १९९०च्या दशकात उभ्या राहिल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. पुढे दुर्बिणीचे अद्ययावतीकरण झाले, ते २०१९ पर्यंत पूर्ण झाले. त्यात तबकड्या वाढवल्या नाहीत. ग्राहक यंत्रणा आणि मागची इलेक्ट्रॉनिकी बदलली, आणि एका वेळी टिपता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. सांगाडा तोच ठेवून क्षमता वाढवणे म्हणजे काय ते कॅसेटच्या चिपमध्ये आणि खोडदच्या माळावर सारखेच दिसते.

उणिवा

यंत्राच्या मर्यादा काही ठिकाणी उघड्या पडतात. पडदा आडवा सरकताना उजव्या कडेला चुकीच्या रंगांची एक बारीक पट्टी लुकलुकते. रंग १६ बिंदूंच्या गटाने ठरतात आणि झाकायला जागा ८ बिंदूंचीच, म्हणून उरलेले ८ बिंदू भलत्याच रंगात दिसतात. एका आडव्या ओळीत आठांहून अधिक हलती चित्रे आली की ती आळीपाळीने अदृश्य होतात. हे दोष क्षम्य आहेत.

क्षम्य नाही तो दोष दुसरा. नव्वद टप्प्यांचा खेळ मध्येच थांबवून साठवण्याची सोय मूळ कॅसेटमध्ये नव्हती. तिच्यात ८ किलोबाइटची जादा स्मृती होती, पण ती जपणारी बॅटरी नव्हती. त्याच कंपनीच्या ‘झेल्डा’ खेळाच्या १९८७ सालच्या अमेरिकी कॅसेटमध्ये अशी बॅटरी होती, म्हणजे तंत्र उपलब्ध होते. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या आमच्या गावात याचा अर्थ एवढाच की सहाव्या बर्फाळ प्रदेशापर्यंत पोहोचलेला मुलगा क्षणात पहिल्या गवतावर येई. भाच्याच्या नव्या पेटीत खेळ हवा तिथे थांबवता येतो, आणि त्यामुळे मूळ खेळ प्रथमच त्याच्या लांबीला न्याय देणारा वाटतो.

या उणिवेवर कर्त्यांनी दिलेला उतारा म्हणजे लपवलेल्या तीन शिट्ट्या. त्यांतल्या दोन पहिल्याच प्रदेशात आहेत. त्या वाजवून माणूस थेट आठव्या प्रदेशात जाऊन पडतो. आम्हीही पडलो होतो. तिथे पोहोचल्यावर मधल्या सहा प्रदेशांत काय शिकायचे राहिले ते पाचच मिनिटांत कळते. गाईड पाठ करून वरच्या वर्गात गेलेल्या मुलाची अवस्था याहून वेगळी नसते.

आणखी एक तक्रार. पाचव्या प्रदेशात एक चालता बूट मिळतो. त्यात बसून काट्यांवरूनही उड्या मारता येतात. साऱ्या खेळातील ही फार आनंदाची वस्तू, पण ती एकाच टप्प्यात येते आणि त्या टप्प्याबाहेर नेता येत नाही. साधन देऊन ते वापरायला जागाच न देणे ही चूक आपल्या पाठ्यपुस्तकांतही अनेकदा आढळते.

वर्गासाठी थोडेसे

खेळाचे भौतिकशास्त्र खरे नाही, आणि म्हणूनच ते तपासण्याजोगे आहे. हवेत असताना मारिओ दिशा बदलतो. त्याला ढकलणारे काहीच नसताना. उडीचे बटण दाबून ठेवले की वर जाताना गुरुत्व कमी होते, सोडले की वाढते. मुलांना विचारावे: पाय जमिनीवरून सुटल्यावर कबड्डीपटूला आपली उडी लांबवता येईल का?

मोबाइलवर पडद्याचे चित्रण करून मंद गतीने पाहा. मारिओ चार विटा उंचावरून, म्हणजे आपल्या मापाने सुमारे ३ मीटर खाली पडू द्या. पृथ्वीवर याला ०.७८ सेकंद लागतात. साठ चौकटींच्या यंत्रावर तो साधारण निम्म्या वेळात खाली येतो. वेळ निम्मा म्हणजे सरासरी ओढ चौपट. पन्नास चौकटींच्या यंत्रावर उत्तर काय यावे हे आधी कागदावर काढायला लावावे, मग मोजावे. उंची वाढवून पाहिल्यास आणखी एक गोष्ट हाती लागेल. ठरावीक वेगानंतर मारिओचा पडण्याचा वेग वाढतच नाही. तो का थांबत असावा, आणि पावसाच्या थेंबाचा वेग का थांबतो, या दोन प्रश्नांची उत्तरे सारखी आहेत का?

शेवटी भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. सहावीत अंकगणिताच्या ज्या उदाहरणांनी मुले घामाघूम होतात ती पुढे ‘क्ष’ मानता येऊ लागला की दोन ओळींत सुटतात. ‘क्ष’ ही त्या मुलांना फुटलेली शेपटी. ती आधी मोकळ्या जागेत वापरून पाहू दिली, धडपडायला आणि मागे वळायला वेळ दिला, तर पुढची कठीण उदाहरणे त्यांना आकाशातील नाण्यांसारखी दिसतील. तसे न करता नुसते आकडे मोठे करत नेले, तर आपण १९८६ सालचा खेळ पुन्हा काढत आहोत असे समजावे. तो खेळ आधीच पारंगत असलेल्या थोड्यांसाठी होता. बाकीचे पहिल्याच विषारी अळंबीला बाद झाले, आणि बाद झालेल्यांच्या वह्यांत काय होते ते कोणी पाहिले नाही.

सुट्टी संपून परत जाताना भाचा सातव्या प्रदेशात होता. “अवघड आहे,” तो म्हणाला, “पण मला आता येतं.” परीक्षकाला याहून नेमके मत देता येणार नाही.